थांबलेला पातेरा

पैज लागली ती एका वड्यावरून.

माणसं कोंबड्यांच्या झुंजीवर पैज लावतात, मतमोजणीवर लावतात, फार तर कुणाच्या पोरीचं कुणाशी जमेल यावर लावतात. पण धामणवाडीत, वैजू धुरीच्या चहाच्या टपरीवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पैज लागली ती कोंबडी-वड्यातल्या वड्यावर. तोही उरलेला, गार झालेला.

"ह्यो वडो माज्या रानात नेऊन ठेव," भालू पालव म्हणाला. "शिमग्याक बघूक ये. जसोच्या तसो गावतलो."

"माजो वडो?" वैजूने झारा कढईत आपटला. "अरे मेल्या, माजो वडो ताटातसून तोंडात जायसर रवत नाय, नि तुज्या रानात शिमग्यापर्यंत रवतलो? मुंगयो काय उपासाक बसल्यात?"

"मुंगयो वळान पण बघूच्यो नाय."

"लाव पैज!"

"लावली. हरात तेना जिंकणारो सांगात ता करूचा. भर मांडार, सगळ्या गावाम्होरां."

टपरीवरच्या सगळ्यांनी कप खाली ठेवले. पैजेपेक्षा मोठी बातमी ही होती की भालू पालव बोलला. एका दमात इतकं बोलला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको शर्मिला दोन दिवसांच्या तापाने गेली, तेव्हापासून हा माणूस चहा घ्यायचा, मान डोलवायचा आणि रानात निघून जायचा. हरितठेव नावाच्या कंपनीने गावाच्या सड्याखालचं, म्हणजे कातळाच्या माळाखालचं, अकेशियाचं रान भाड्याने घेतलं होतं, त्याचा तो राखणदार.

आणि वैजू? तिच्याबद्दल काय सांगावं! नवरा गोव्यात बोटीवर, मुलगी लग्न होऊन कुडाळला, आणि बाई पन्नाशी ओलांडूनही चेडवासारखी खोडकर. एकदा तिने शेतातल्या बुजगावण्याला सरपंचाचा वाळत घातलेला सदरा आणि टोपी चढवली. अर्धा गाव बांधावरून जाताना त्याला रामराम करून गेला. एकाने तर त्याच्याजवळ नळाची तक्रारही केली. आणि वैजूचं म्हणणं असं की, खऱ्या सरपंचापेक्षा त्याने ती जास्त शांतपणे ऐकून घेतली.

तर अशा बाईने पैज घेतली होती. ती सरळ मार्गाने जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

*

वडा ठेवायला गेले तिघं. वैजू, भालू आणि साक्षीला आबा घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे बोलणारा म्हातारा.

वैजू त्या रानात बऱ्याच दिवसांनी शिरत होती. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला. कोकणात तो कुणी फुकट जाऊ देत नाही. बायका झाडून-झाडून तो गोळा करतात, गोठ्यात गुरांखाली पसरतात, मग शेणासकट गायरीत म्हणजे खताच्या खड्ड्यात टाकतात, आणि वर्षाने त्याचं काळंभोर खत शेतात जातं. अकेशियाच्या रानात तर पातेऱ्याला तोटाच नव्हता. कंपनीचा हुकूम होता की एक पान बाहेर जाता कामा नये. पण भालू राखणदार आपलाच माणूस. बायका भारे बांधू लागल्या की तो दुसरीकडे बघायचा. अख्ख्या वाडीचे गोठे त्या पातेऱ्यावर चालले होते.

आज मात्र वैजू दोन पावलं आत गेली आणि थबकली.

पाला गुडघ्याच्या वर आला होता. कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी पानं, चार-पाच पावसाळे खाल्लेली, आणि तरी अशी की आताच गळली असावीत. वर पिवळी आणि खाली काळी असं काही नाही, वरपासून खालपर्यंत एकच रंग. तिने हात खुपसून तळाची ओंजळ काढली. माती लागली नाही. वास घेतला. वासच नव्हता.

"सातभाय खय गेले रे?" तिने विचारलं. पाला उसकटत कलकलाट करणारे ते मातकट पक्षी कुठल्याही रानात असतातच.

"खाली खावक काय नाय, तर येतले कित्या?" भालू म्हणाला.

"पण हो पालो कुजत कसो नाय?" आबांनी काठीने ढीग टोचला.

भालूने कंपनीच्या माणसाकडून ऐकलेलं सांगितलं, आपल्या भाषेत. पाला आपोआप कुजत नसतो, त्याला कुणीतरी खातं. ती पंगतच असते. पहिल्या पंगतीला गांडूळ, वाळवी, पैसाकिडे. ते पान फाडतात, चावतात. दुसऱ्या पंगतीला डोळ्यांना न दिसणारे बारके किडे त्यांचं उष्टं खातात. शेवटी बुरशी येते आणि ताट चाटून पुसून ठेवते. पण जेवताना सगळेच श्वास सोडणार, आणि त्या श्वासातून पानातला कार्बन हवेत जाणार, जग तापवणार. म्हणून कंपनीने पंगतच उठवली. वरून ड्रोनने एक औषध फवारलं. डब्यावर त्याचं लांबलचक नाव होतं, वाडीने त्याला 'थांब' म्हटलं. थांब लागलेलं पान कुणी खाल्लं तरी पचत नाही. जसं पोटात गेलं तसंच राहतं. पान जागेवर, कार्बन जागेवर.

"म्हंजे लोकांका बोलावन, ताट वाढून, हात बांधून ठेयल्यानी," आबा म्हणाले.

वैजू हसली, पण तिचं हसू झाडांमध्ये जाऊन परत आलं नाही. आवाज त्या पाल्यात असा बुडायचा की आपण बोललो की नाही याचीच शंका यावी.

वडा एका झाडाखाली ठेवला, वर कोंबड्यांचा डालगा पालथा घातला, त्यावर दगड.

*

आता वैजू स्वस्थ बसेल तर ती वैजू कसली! तिने विचार केला, ह्या रानातले जेवणारे उपाशी पळून गेले असतील, तर आपण बाहेरून पंगत आणू.

दिवाळी झाल्यावर ती वेशीजवळच्या राईत गेली. देवाची राई, तिथल्या झाडाला कुणी कोयता लावत नाही. तिथला पातेरा उचलला की खाली ओलं, गरम, वळवळतं जग. तिने घमेल्यात माती भरली. त्यात जाडजूड गांडुळं, बोट लावलं की पैशासारखे गोल होणारे किडे, वाळवीच्या वारुळाचं एक ढेकूळ. "चला रे," ती म्हणाली, "जेवणाचा आवतान आसा." दुपारी भालू जेवायला घरी गेलेला बघून तिने सगळं वऱ्हाड वड्याभोवती सोडलं आणि गालातल्या गालात हसत परत आली.

आठवड्याभराने ती निकाल बघायला गेली.

वडा डालग्याखाली तसाच होता. फुगीर, तांबूस. पण वऱ्हाडी निघून गेले नव्हते. सगळे तिथंच होते. गांडुळं एकमेकांना लागून ताणून पडलेली, अंगं फुगलेली. तिने काडीने एक उलटलं. त्याच्या पातळ कातडीतून आत भरलेला पाल्याचा चुरा दिसत होता. पोट भरलेलं, आणि उपाशी मेलेलं. पैसाकिडे गोल होऊन पडले होते. त्यांच्यावर माशी नाही, मुंगी नाही, वास नाही. झोपलेत, कुणी हाक मारली की उठतील, असे. आठवडाभर मेलेलं गांडूळ इतकं ओलं, इतकं चकचकीत?

तिच्या आवतानाला आले होते बिचारे.

तेवढ्यात तिला बोलणं ऐकू आलं.

"...गुणीक आज वासरू झाला. पाडी. तुज्यासारखीच कपाळार चांदणी."

वैजू झाडाआड झाली. थोड्या अंतरावर पाल्यात भालू मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर कुणी नव्हतं. पाल्याला वाटीएवढा खळगा केलेला, आणि त्यात अबोलीची वेणी. केशरी. टवटवीत. दोरा पांढरा, देठ हिरवे, आत्ता अंबाड्यावरून काढून ठेवावी तशी.

वैजूने ती वेणी ओळखली. तिनेच केली होती. पातेऱ्याला जायच्या दिवशी सकाळी शर्मिला टपरीवर आली होती, "वयनी, उरली तर माका दी गो," म्हणाली होती. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. वेणी भाऱ्याबरोबर कुठेतरी पडली असेल असं सगळे म्हणाले होते.

"पाडयेचा नाव काय ठेवया?" भालूने खळग्याला विचारलं आणि उत्तर यावं तसा मान कलती करून थांबला.

वैजू पाय न वाजवता मागे फिरली. पण त्या पाल्यात पाय वाजतच नव्हते. तेच तिला जास्त भयंकर वाटलं.

*

माघात तिने भाजीसाठी गायरी उघडली.

वरचा थर काढला की खालून वाफ यायला हवी, हाताला चटका बसायला हवा. गायरी थंडगार होती. तिने टिकाव मारला, आणखी मारला. अकेशियाचा पाला निघाला, तसाच. शेणाचे पो गोठ्यात पडले त्याच घडीचे. केळीची सालं पिवळी. आणि सगळ्यात खाली गेल्या गणपतीत टाकलेला झेंडूचा हार. फूल न फूल ताठ. वैजूने तो वर उचलला आणि लगेच खाली टाकला, जणू खड्ड्यातून कुणी हात वर केला होता.

तिने ओरडून शेजारणींना बोलावलं. मग प्रत्येकीने आपापली गायरी उघडली. सगळ्यांची तीच गत. एकीच्या गायरीत गेल्या वर्षी मेलेली मांजर निघाली, मिटल्या डोळ्यांनी. ती बाई दोन दिवस जेवली नाही.

कंपनीने सांगितलं होतं, थांब अकेशियाच्या पानाबाहेर जगणार नाही. पण थांब म्हणजे नुसतं औषध नव्हतं, एक जिवंत बुरशी होती, आणि जिवंत वस्तू सांगितलं तसं वागत नाही. ती विरजणासारखी होती. चमचाभर घातलं की भांडंभर दूध धरतं. आणि ह्या गावाने तर पातेऱ्याचे भारेच्या भारे डोक्यावर वाहून, गोठ्यात अंथरून, शेणात कालवून, प्रत्येक शेतात, प्रत्येक परसात स्वतःच्या हाताने विरजण लावलं होतं. गेल्या पावसात तरवा, म्हणजे भाताची रोपं, पिवळी का पडली ते आता कळलं. मातीला जेवणच मिळालं नव्हतं.

आठ दिवसांनी वैजू रानात गेली.

"भालू, हो थांब मरता कशान?"

भालू पाल्यातली एक काडी उचलून मोडू लागला.

"तुका म्हायत आसा. तोंडार दिसता."

"आगीन," तो म्हणाला. "पयल्याच दिसा सांगितल्यानी माका. काय पण होवंदे, रानात काडी पेटता नये. आग लागली काय थांब मेलो. मगे सगळा पयल्यासारखा."

"नि तू गप रवलंस? गायऱ्यो उघडून आठ दीस झाले. लोक रडतत. पुढच्या पावसात भात होवचा नाय, कळता तुका? ह्या गावात खावचा काय?"

भालूने खळग्याकडे बघितलं. तो झाकायचंही त्याला सुचलं नाही. वैजूला माहीत आहे हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"एकदा घराकडे नेलंय ती," तो हळूच म्हणाला. "वाऱ्यान सुकाक लागली. कडा काळी पडली. धावत परत हाडलंय. थांब कुजण्याक थांबवता, सुकण्याक नाय. हय ओलीत ती बरी रवता." मग वेणीचा दोरा बोटाने सारखा करत, "वयनी, घराकडे गेलंय काय तिका जावन दोन वर्सां झाली. हय इलंय काय ती कालच गेली. कालच्या मानसाक आग कशी लावू?"

वैजू त्याच्याशेजारी पाल्यात बसली. तिलाही क्षणभर वाटलं, आपली आई, आपला थोरला भाऊ, सगळे असे कुठेतरी ओलीत, टवटवीत ठेवता आले असते तर? बाजूला तिची गांडुळं अजून चकाकत होती. ती उठली.

"तुज्या शर्मिलान कधी शिळा खाल्ल्यान नाय रे," एवढंच म्हणाली. "नि तू तिका दोन वर्सां शिळी ठेयलंस."

तो तिच्या अंगावर ओरडला. तोंडाला येईल ते बोलला, डालगा लाथेने उडवला, निघून जा म्हणाला. वैजू गेली. रात्री तिला वाटलं, आपण फार बोललो. सकाळी वाटलं, नाही.

*

शिमग्याला पालखी मांडावर, म्हणजे गावाच्या होळीच्या जागेवर आली, ढोल थांबले, आणि सोंगं काढलेली पोरं बोंबलू लागली, "वडो! वडो!"

भालू आला. हातात स्टीलचं ताट, वर केळीचं पान. अख्खा गाव पुढे सरकला. पान काढलं. ताटात वडा. तांबूस, फुगीर, कालच तळल्यासारखा.

"वैजू हरली!" एकच गिल्ला झाला.

"तिका खावक लावा!" कुणीतरी ओरडलं.

"खबरदार," भालू म्हणाला. "ह्याका कोण हात लावूचो नाय." त्याच्या आवाजाने हसणं तुटलं. त्याने वडा होळीच्या होमात टाकला. तो चर्रर्र झाला, काळा पडला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला वास आला.

"जिंकणारो सांगात ता करूचा," भालू वैजूकडे वळला. "गाऱ्हाणा घाल."

मांडावर कुजबूज पसरली. गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवापुढे मोठ्याने केलेली मागणी. एकाने बोलायचं, प्रत्येक वाक्यागणिक सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आणि ते घालणार आबा घाडी, त्यांच्याआधी त्यांचे वडील. बाईने कधी घातलं नव्हतं.

"आबा?" वैजूने विचारलं.

म्हाताऱ्याने काठीवर हनुवटी टेकली. "पैज ती पैज," तो म्हणाला. "आणि माका तरी खय सुचता, ह्या असल्या दुखण्याक काय मागूचा ता?"

भालू तिच्या कानाशी वाकला आणि काय मागायचं ते सांगितलं. मग त्याने शर्टाच्या खिशातून ओल्या पानात गुंडाळलेली वेणी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. ती बघून बायकांनी पदर तोंडाला लावले.

वैजूने हात जोडले.

"बा देवा, जागेवाल्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुजा लेकरू पैज हरान तुज्याम्होरां उभा आसा..."

"व्हय म्हाराजा!" कुणीतरी हसलं.

"आजपर्यंत तुज्याकडे मागला, घर टिकांदे, पीक टिकांदे, मानूस टिकांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आमका टिकवूची लय हाव, म्हाराजा. फुकटचो पातेरो गावलो, डोक्यार घेवन सगळ्या शेतांत पसरलो. कोणी इचारूक नाय, हो कुजत कित्या नाय म्हणान..."

"व्हय म्हाराजा." आवाज उतरला होता.

"तर आज उलटा मागतंय..." ती थांबली. ढोलावर कुणाचं तरी बोट सरकलं, तेवढाच आवाज. "जा पडला, ता कुजांदे."

कुणी काही बोललं नाही. देवाकडे असं मागतात? माणसं एकमेकांकडे बघू लागली. होमातलं लाकूड तडकलं. वैजूला वाटलं, संपलं. आता कुणी बोलणार नाही, आणि हे मागणं असंच हवेत राहील, न कुजता.

"व्हय म्हाराजा," भालू म्हणाला. एकटाच. वेणीकडे बघत.

मग आबा म्हणाले. मग ती मांजरवाली बाई. मग सगळ्यांचा मिळून असा आवाज उठला की पालखीचे भोई दचकले.

"जा गेला, ता जावंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"नि तुज्या पोटातले बारके बारके जीव, ज्यांका आमी उपाशी मारला, त्यांका परत पंगतीक हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भालूने मनाशी ठरवलेलं सांगितलं. उद्या सकाळी आग बाहेर पसरू नये म्हणून रानाभोवती मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा काढायची, पातेऱ्याचे ढीग लावायचे आणि पेटवायचे. सगळ्या गायऱ्याही तिथेच रित्या करायच्या, शेतंही भाजून काढायची. चार-पाच वर्षांचा कार्बन एका दिवसात वर जाईल. तो वर जाऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नोकरी तर जाईलच. पुढे कंपनीची माणसं येतील, काय करायचं ते करतील.

मग त्याने वेणी होमाच्या निखाऱ्यांवर धरली, भाजण्यापुरती नाही, थांब मरेल एवढी शेकण्यापुरती. पाकळ्या मिटल्या. केशरी रंग तपकिरी झाला. दोन वर्षांचं म्हातारपण तिला त्या एवढ्याशा वेळात आलं, आणि भालूच्या चेहऱ्यालाही. मांडाच्या कडेला, वडाच्या मुळाशी त्याने हाताने माती उकरली, वेणी आत ठेवली, आणि तळव्याने माती थापटली. पोराला झोपवताना थापटतात तशी.

वैजू त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. मग का कोण जाणे, तिने कान मातीला लावला. तिचं बघून आबांनी काठी टाकली. एकेक करत सगळा गाव, सोंगातली पोरं तोंडाचा रंग घेऊन, बायका मुलं कडेला घेऊन, खाली वाकला. ढोल गप्प. होमही गप्प.

माती थंड होती. फार खोलवर काहीतरी सरकल्यासारखं वैजूला वाटलं. की ते तिचंच रक्त कानात वाजत होतं?

"वयनी," भालूने मातीवर गाल टेकूनच विचारलं, "खाली कोण उरला आसात काय गो?"